कामिल्लोचा पाय

नर्सिंगच्या शाळेत आम्हाला इतिहासाचा एकच धडा होता आणि तो थेट क्रिमियाच्या युद्धापासून सुरू व्हायचा. १८५४ साल, स्कुतारीचं लष्करी इस्पितळ, हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई. त्याआधी आजाऱ्यांचं अंग कोण पुसत होतं, हा प्रश्न परीक्षेला येत नसे, म्हणून कुणाला पडतही नसे. मी वसईची. आमच्याकडे घराघरात संतांच्या तसबिरी. फ्रान्सिस झेवियर, अंतोन, गोन्सालो गार्सिया सगळे ओळखीचे. पण कामिल्लो द लेल्लिस हे नाव मला नोकरीत चांगली मुरल्यावर कळलं. एका मिशन इस्पितळात त्याचं चित्र लावलेलं होतं : काळा झगा, छातीवर मोठा लाल क्रूस, खाटेवरच्या माणसाकडे वाकलेला उंच बाप्या. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, “हा आपला संत. नर्सांचा.” मी विचारलं, “यानं केलं काय?” त्या म्हणाल्या, “बेडपॅन उचलले.”

एवढ्यावर माणूस संत होतो हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

२५ मे १५५० रोजी इटलीच्या आब्रुत्सो भागात, बुक्क्यानिको नावाच्या डोंगरी गावात तो जन्मला. तो मुलूख तेव्हा नेपल्सच्या राज्यात होता आणि नेपल्सवर हुकूम स्पेनचा. आई कामिल्ला पन्नाशी उलटलेली. या वयात पोर झालं म्हणून गावभर चर्चा. बाप जोव्हान्नी पेशाने शिपाई, घरी कमी आणि छावणीत जास्त. आईला दिवस असताना स्वप्न पडलं होतं म्हणतात : छातीवर क्रूस लावलेला एक मुलगा पुढे आणि तसेच क्रूस लावलेली पोरं त्याच्या मागे. फाशी जाणाऱ्यांच्या अंगावर असा क्रूस लावायची तिकडे रीत होती. बाईने धसकाच घेतला, की आपला मुलगा दरोडेखोरांचा म्होरक्या होणार. पुढची पंचवीस वर्षं तरी तिचा अंदाज फारसा चुकला असं म्हणता येणार नाही. मुलगा साडेसहा फूट वाढला, तापट निघाला, आणि फासे-पत्ते हातात आले की त्याला जग दिसत नसे. आई तो लहान असतानाच गेली.

तुर्कांशी लढायला व्हेनिसच्या फौजेत भरती होण्यासाठी बापलेक निघाले. वाटेत बाप वारला. पोराच्या घोट्यावर एक फोड आला. तो खाजवून फुटला, चिघळला, आणि त्याचा जो व्रण झाला तो शेहेचाळीस वर्षं, मरेपर्यंत बरा झाला नाही.

सर्जिकल वॉर्डात काम केलेल्या माणसाला हे वाक्य नुसतं वाचून पुढे जाता येत नाही. पायावरचा जुना व्रण काय असतो ते आम्हाला ठाऊक आहे. वरून खपली धरते, घरचे खूश होतात, आत पू साठत असतो. पट्टी सोडताना आधी वास येतो आणि मग जखम दिसते. शेवटचा पदर चिकटलेला असतो; तो भिजवून, कडेकडेने सोडवावा लागतो. घाई केली तर नवी धरू लागलेली कातडी त्याच्याबरोबर निघून येते. रोगी तुमच्या तोंडाकडे बघत असतो. जखमेकडे तो बघतच नाही, ती त्याला पाठ असते. तुम्ही नाक मुरडलंत का, एवढंच त्याला पाहायचं असतं. कामिल्लोने सोळाव्या शतकात किती जणांची तोंडं अशी वाचली असतील, देव जाणे.

१५७१ साली हा पाय घेऊन तो रोमला आला आणि सान जाकोमोच्या इस्पितळात दाखल झाला. हे इस्पितळ ‘असाध्यां’चं. अशी असाध्य रोग्यांची इस्पितळं इटलीत सोळाव्या शतकाच्या आरंभी भराभर निघाली, त्याला कारण होतं. १४९५ साली फ्रेंच फौज नेपल्सवर चालून आली आणि तेव्हापासून उपदंशाने युरोपभर कहर केला. माणसं अंगभर फोड घेऊन रस्त्यावर पडत आणि साध्या इस्पितळात त्यांना कुणी घेत नसे. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. गलबतांबरोबर तो आपल्याकडे उतरला तेव्हा आपल्या वैद्यांनी तो फिरंग्यांच्या नावे मांडला. भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त फिरंग रोग आहे आणि त्यावर चोपचिनीचा उपायही आहे. सान जाकोमोत अमेरिकेहून आणलेल्या ग्वायाकमच्या लाकडाचा काढा पाजत, त्याला ‘पवित्र लाकूड’ म्हणत. व्हेनिसमध्ये असंच एक असाध्यांचं इस्पितळ होतं. १५३७ साली तरुण फ्रान्सिस झेवियरने तिथे रोग्यांची सेवा केली होती. पाच वर्षांनी तोच गोव्याला उतरला, तेव्हाही त्याने मुक्काम टाकला तो तिथल्या राजाच्या इस्पितळात. आमच्या गोंयच्या सायबाची ही बाजू तसबिरीत दिसत नाही.

तर कामिल्लो सान जाकोमोत रोगी म्हणून आला आणि पाय जरा सुधारल्यावर तिथेच नोकर म्हणून राहिला. नोकर कसला? रोग्यांना सोडून खिडकीतून उतरायचा आणि तिबेर नदीच्या रिपेट्टा धक्क्यावर नावाड्यांबरोबर पत्ते कुटत बसायचा. इतर नोकरांशी भांडणं, मारामाऱ्या. नऊ महिन्यांत त्याला हाकलून दिलं. मी जिथे जिथे काम केलं तिथे असा एकतरी इसम होताच. पेशंट पाणी पाणी करतोय आणि हे महाशय लिफ्टच्या मागे तीन पत्ती मांडून बसलेत. अशा माणसाचं पुढे काही होईल यावर मी एक रुपयाही लावला नसता.

पुन्हा फौज, पुन्हा जुगार. १५७४ साली नेपल्सच्या रस्त्यावर तो तलवार, बंदूक, अंगरखा आणि शेवटी अंगातला सदरा, सगळं हरला. मग मान्फ्रेदोनिया गावात चर्चच्या दारात भीक मागताना कुणीतरी त्याला कापुचिन संन्याशांच्या मठाच्या बांधकामावर लावलं. गाढवावरून दगड आणि पाणी वाहायचं काम. १५७५ च्या फेब्रुवारीत मठाच्या कामाने त्याला सान जोव्हान्नी रोतोंदो या गावी धाडलं. तिथल्या एका संन्याशाने रात्री त्याला चार शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, परतीच्या वाटेवर हा गाढवावरून उतरून ढसाढसा रडला. चरित्रकार या प्रसंगावर पानंच्या पानं लिहितात. मला त्यात विशेष सांगण्यासारखं काही दिसत नाही. रडणारे पुष्कळ असतात. (सान जोव्हान्नी रोतोंदो हे नाव आमच्या लोकांना पाद्रे पिओंमुळे ठाऊक आहे. त्यांनीही तिथे १९५६ साली मोठं इस्पितळ उभं केलं. त्या गावाच्या पाण्यातच काहीतरी असावं.)

मला महत्त्वाचा वाटतो तो पुन्हा पाय. कामिल्लो कापुचिन संन्यासी व्हायला गेला. त्यांचा झगा जाड्याभरड्या कापडाचा. त्याची कड चालताना घोट्यावर घासायची. जखम परत उघडली आणि मठाने त्याला औषधपाण्यासाठी घरी पाठवलं. घर म्हणजे कुठलं, तेच सान जाकोमो. चार वर्षं तिथे राहून पाय बरा वाटला म्हणून पुन्हा मठात गेला, पुन्हा जखम उघडली, पुन्हा परत. ज्या इस्पितळाने त्याला हाकललं होतं तिथेच तो कपड्यांच्या कोठारावर लागला, मग कोठीवर, आणि शेवटी सगळ्या इस्पितळाचा कारभारी झाला. त्याने खाटेवर पडून इस्पितळ पाहिलं होतं, कामचुकार नोकर म्हणून पाहिलं होतं, आणि आता किल्ल्या कमरेला लावून तो ते पाहत होता. हा तिहेरी अनुभव असलेला अधिकारी मला माझ्या उभ्या नोकरीत भेटला नाही.

त्या काळची इस्पितळं कशी होती? इमारती देखण्या होत्या, छतांवर चित्रं होती. आत काम करणारे मात्र ज्यांना दुसरीकडे कुठे काम मिळत नाही असे लोक. काहींना तर गुन्ह्याची शिक्षा म्हणून तिथे टाकलेलं. कामिल्लोबरोबर वर्षानुवर्षं राहिलेला सांझ्यो चिकातेल्ली याने १६१५ साली त्याचं पहिलं चरित्र छापलं. त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचताना अंगावर काटा येतो. अन्न खाटेशी ठेवून नोकर निघून जात. ज्याला हात उचलवत नाही तो अन्नाकडे बघत उपाशी राही. तहानेने जीव कासावीस झालेला माणूस पाणी शोधायला उठे आणि दोन खाटांच्या मध्ये कोसळे. बिछाने दिवसेंदिवस बदलत नसत. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, धुगधुगी असलेल्या माणसाला मेला समजून प्रेतांच्या ढिगात नेऊन टाकत. कामिल्लोने पुढे आपल्या माणसांना शिस्त लावली, की श्वास थांबल्यासारखा वाटला तरी पाव तास तरी प्रार्थना चालू ठेवायची आणि तोंडावर चादर ओढायची नाही. धर्माच्या भाषेत सांगितलेला हा अगदी व्यवहारी नियम आहे. पाव तास कुणीतरी जवळ बसून राहणार, म्हणजे जिवंत माणूस पुरला जाणार नाही.

कारभारी म्हणून त्याने नोकरांना दटावलं, रात्री अवचित फेऱ्या मारल्या, कामं वाटून दिली. फरक पडायचा तो त्याची पाठ वळेपर्यंत. १५८२ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्याला सुचलं, की पगारासाठी राबणाऱ्यांकडून हे होणार नाही. पैसा न घेता, देवाच्या प्रेमाखातर हे काम करणारी माणसं गोळा केली पाहिजेत. पाच जण तयार झाले. इस्पितळातल्याच एका खोलीत त्यांनी वेदी मांडली आणि प्रार्थना सुरू केली. विश्वस्तांना वाटलं, हा गडी टोळी जमवून इस्पितळच बळकावणार. खोली मोडून टाकायचा हुकूम आला. त्याचे आत्मिक गुरू होते फिलिप नेरी, रोमभर नावाजलेले. पुढे तेही संत झाले. त्यांनीही सांगितलं, की अडाणी माणसाने नसत्या उठाठेवी करू नयेत. गंमत बघा, इस्पितळ सुधारायला निघालेल्या माणसाला पहिला अडथळा आला तो इस्पितळाच्या भल्या लोकांचा. ट्रस्टी लोक तेव्हाही आजच्यासारखेच होते.

धर्मगुरू झाल्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही हे त्याने ताडलं आणि बत्तिसाव्या वर्षी तो लॅटिन शिकायला येशूसंघीयांच्या शाळेत पोरांच्या बाकावर जाऊन बसला. साडेसहा फुटांचा, लंगडणारा विद्यार्थी. पोरं उशिरा आलास म्हणून चिडवत. १५८४ साली त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणारे बिशप होते थॉमस गोल्डवेल, इंग्लंडातून परागंदा झालेले वयोवृद्ध गृहस्थ. तिथला जुना कॅथलिक बिशपवर्ग संपत आला होता, हे त्यातले शेवटचे. वर्षभरात तेही वारले.

इथून पुढे त्याचं खरं काम सुरू होतं, आणि ते सान्तो स्पिरितो इस्पितळात. व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर, नदीकाठी. पोप चौथे सिक्स्टस यांनी १४७० च्या दशकात बांधवलेला तिथला वॉर्ड सव्वाशे मीटरच्या आसपास लांब आहे. अजून उभा आहे. दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा आणि मधून चालायची वाट. फोटो पाहिला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो रात्रपाळीचा. या टोकाच्या पेशंटने हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाईल का?

कामिल्लोने आपल्या मंडळींसाठी नियम लिहिले. ते भाविक तर आहेतच, पण त्यांत आमचा वॉर्ड दिसतो. रोग्याशी कडू बोलायचं नाही. त्याला धसमुसळेपणाने हाताळायचं नाही. एकुलतं एक मूल आजारी पडल्यावर आई जशी राहील तसं राहायचं, आणि ते जमत नसेल तर आधी देवाकडे ते मागायचं. मागायचं, हे मला फार आवडतं. माया आपोआप येते असं तो धरून चालत नाही. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या आठवड्यात ओकारी काढताना ओकारी यायची आणि त्यांना वाटायचं, आपण या धंद्याला नालायक. त्यांना सांगायला हे वाक्य मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

त्याच्या हाताची शिकवणी वॉर्डातच चाले. वळवताना कुठे आधार द्यायचा, भरवताना डोकं किती उचलायचं, खाली ओला झालेला बिछाना माणसाला न उघडं पाडता कसा बदलायचा. हवा येऊ दे म्हणून खिडक्या उघडायला लावणं, संसर्गाच्या रोग्यांना वेगळं ठेवणं, रोगाप्रमाणे जेवण देणं, याचं श्रेयही त्याला देतात. हातांत आणखी जीव ओता, असं तो सोबत्यांना म्हणे. एकदा तो एका रोग्याला भरवत असताना इस्पितळाच्या बड्या अधिकाऱ्याचा निरोप आला, ताबडतोब या. त्याने उलट निरोप धाडला, की मी सध्या येशू ख्रिस्ताच्या सेवेत गुंतलोय, हे आटपलं की येतो. आमच्या मेट्रनला असा निरोप धाडून बघायला हवा होता कुणीतरी! आणखी एक गोष्ट सांगतात. संगीताचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, मला आवडतं ते वॉर्डातलं संगीत : इकडून पाणी द्या, तिकडून बिछाना नीट करा, पलीकडून पाय गार पडलेत. हे वाक्य मी काही भाविकपणे घेत नाही. एकाच वेळी सहा हाका येतात तेव्हा त्यात कुठली आधी आणि कुठली नंतर हे कानाने ओळखावं लागतं. त्याचा कान तयार होता, एवढाच मी त्याचा अर्थ लावते.

पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८६ साली संघाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी झग्यावर लाल क्रूस लावायला परवानगीही दिली. आईचं स्वप्न असं उलगडलं म्हणायचं. या क्रूसावरून रेड क्रॉस निघाला असं पुष्कळ जण सांगतात, प्रवचनातही ऐकलंय. ते खरं नाही. १८६४ च्या जिनिव्हा कराराचं चिन्ह स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून घेतलेलं आहे. त्यासाठी कामिल्लोला ओढायची गरज नाही. त्याच्या नावावर पुरेसं आहे. १५९५ आणि १६०१ साली त्याची माणसं तुर्कांविरुद्धच्या लढाईत हंगेरीकडच्या रणांगणावर फौजेबरोबर गेली आणि तिथेच जखमी शिपायांची सेवा केली, हे नोंदलेलं आहे. क्रिमियाच्या अडीचशे वर्षं आधी.

१५८८ मध्ये नेपल्सला शाखा निघाली. थोड्याच काळात साथीच्या तापाने भरलेली स्पॅनिश गलबतं किनाऱ्याबाहेर थोपवली गेली. कुणाला उतरू देईनात आणि वर जायला कुणी धजेना. कामिल्लोचे लोक वर गेले. त्यातले काही तिथेच लागण होऊन मेले. १५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी संघाला पूर्ण दर्जाचा धर्मसंघ केलं तेव्हा गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला चौथं व्रत आलं : रोग्यांची सेवा, साथ असली तरी, जीव धोक्यात घालून. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १६३० च्या उत्तर इटलीतल्या प्लेगात आणि १६५६-५७ च्या साथीत या संघाची माणसं डझनांनी गेली.

आणि तिबेरचा पूर. २४ डिसेंबर १५९८ च्या रात्री नदी अशी चढली की रोमच्या इतिहासात नोंदलेला तो सर्वात मोठा पूर ठरला. जुन्या एमिलियन पुलाच्या कमानी वाहून गेल्या, त्याला आजही मोडका पूल म्हणतात. सान्तो स्पिरितो नदीकाठीच. कामिल्लोने आणि त्याच्या सोबत्यांनी रोग्यांना पाठुंगळीला मारून, हातांवर उचलून वरच्या मजल्यावर नेलं. आधी व्यवस्थापकांना वाटत होतं, की पाणी इतकं चढणार नाही. १७४६ साली सुब्लेरास नावाच्या फ्रेंच चित्रकाराने हा प्रसंग रंगवला. चित्र रोमच्या नगरसंग्रहालयात आहे. गुडघाभर पाणी, घाबरलेली माणसं, आणि मधोमध एका रोग्याला कवटाळून निघालेला कामिल्लो. चित्रकाराने पाय पाण्याखाली झाकले हे त्याचं शहाणपण. उघड्या व्रणाने त्या घाणीत रात्र काढलेल्या माणसाचा पाय दुसऱ्या दिवशी कसा असेल, हे मला चित्र न बघताही कळतं.

एवढं सगळं वाचून वाटेल, की सोबती त्याच्यामागे डोळे मिटून चालत होते. तसं मुळीच नव्हतं, आणि माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. १५९४ मध्ये त्याने मिलानच्या मोठ्या इस्पितळाची ‘संपूर्ण सेवा’ अंगावर घेतली. म्हणजे प्रवचन, पापनिवेदन एवढंच नाही. झाडलोट, बिछाने, भरवणं, मलमूत्र, रात्रंदिवस, सगळं संघाच्या माणसांनी करायचं. धर्मगुरूंनीसुद्धा. बरोबरच्या वरिष्ठांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. माणसं थकून मरतायत, शिकलेला धर्मगुरू घाणीची भांडी धुणार तर मरणाऱ्यांच्या उशाशी कोण बसणार, आणि संघ अशाने टिकणार कसा? कामिल्लो ऐकेना. वाद वर्षानुवर्षं चालला, पोपपर्यंत गेला, आणि १६०० साली पोप आठवे क्लेमेंट यांनी दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन तो मिटवला.

हा वाद मिटलाय असं मला वाटत नाही. आमच्याकडे डॉक्टर जखम बघतो, नर्स पट्टी बांधते, मावशी भांडं उचलते, सफाई कामगार फरशी पुसतो, आणि प्रत्येक पायरीवर हात मागे घेतलेला असतो : हे माझं काम नाही. आपल्या देशात त्या पायऱ्यांना जातीचा वास आहे हे निराळं सांगायला नको. कामिल्लोला पायरीच मान्य नव्हती. त्याच्या हिशेबात वेदीवर भाकर उचलणारा हात आणि खाटेखालचं भांडं उचलणारा हात एकच असायला हवा होता. त्यापायी त्याने स्वतःचा संघ जवळजवळ मोडायला आणला आणि कर्जातही घातला. १६०७ साली तो प्रमुखपदावरून पायउतार झाला आणि साधा सेवक म्हणून वॉर्डात परतला. तिथे तो जास्त सुखी होता असं दिसतं.

नेमक्या त्याच वेळी आपल्या किनाऱ्यावरही एक नामांकित इस्पितळ होतं. १६०८ मध्ये पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत गोव्यात पोचला. तिथल्या राजाच्या इस्पितळाचं, जे तेव्हा येशूसंघीय चालवत, त्याने तोंडभरून कौतुक लिहून ठेवलं आहे : स्वच्छ अंथरुणं आणि चिनी मातीच्या भांड्यांतून येणारं जेवण. फक्त, ते इस्पितळ पोर्तुगीज शिपायांसाठी होतं. शहराचं ओझं वाहणाऱ्या आपल्या लोकांना त्या खाटा नव्हत्या.

शेवटच्या वर्षांत कामिल्लोच्या अंगात काय धड होतं? पायाचा व्रण, अंतर्गळ, तळव्यांना दोन दुखरे घट्टे, मूतखडे आणि अन्नावरची वासना उडालेली. या पाचांना तो देवाची कृपा म्हणे. चालवत नसे तेव्हा खाटेला धरून, सरपटत पुढच्या खाटेशी जाई असं सांगतात. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये तो गेला, संघाच्या मुख्य घरी, पँथिऑनजवळच्या मारिया मॅग्डलिनाच्या चर्चला लागून. १७४६ मध्ये संतपद मिळालं. १८८६ साली पोप तेरावे लिओ यांनी त्याला रोग्यांचा आणि इस्पितळांचा आश्रयदाता ठरवलं, १९३० साली अकरावे पायस यांनी नर्सांचा. दोन्ही वेळा जोडीला ग्रानादात इस्पितळ चालवणारे संत जुआन होते.

सान जाकोमो इस्पितळ मात्र २००८ साली बंद झालं. सरकारने काटकसरीचं कारण दिलं. कामिल्लोच्या संघाची माणसं आता पाचही खंडांत आहेत; आपल्याकडे बेंगळुरूजवळ त्यांचं ‘स्नेहदान’ आहे, एचआयव्ही झालेल्यांसाठी. म्हणजे पुन्हा असाध्यच, आणि पुन्हा तसाच आजार, ज्याचं नाव घरचे सांगत नाहीत. त्यावरची मोफत औषधं आपल्या सरकारने २००४ साली सुरू केली. त्याआधीची वर्षं मी वॉर्डात काढलीत. मी होते त्या इस्पितळात अशा पेशंटची खाट व्हरांड्यात टाकत. ताट पायाने सरकवणारे मी पाहिले आहेत, आणि दोन-दोन हातमोजे चढवूनही नाडी न धरणारेसुद्धा. ड्यूटीचा तक्ता लावताना त्या खाटेसमोर कुणाचं नाव टाकायचं यावर रोज सकाळी भांडण व्हायचं. मीच तक्ता लावत असे. ज्या दिवशी कुणीच कबूल होत नसे त्या दिवशी मी जायचे, चिडून जायचे, आणि तो पेशंट जखमेवरच्या माझ्या हाताकडे बघायचा नाही, तोंडाकडे बघायचा.